कातडीचे दुखणे आणि रक्ताच्या वाटा

कातडीचा रोग कातडीपुरताच असतो, असा एक समज आपल्याकडे शहरात आहे आणि खेड्यातही आहे. अंगावर चट्टे उठले की आपण मलम शोधतो. मलमाने भागले नाही तर कोणी कडुनिंबाचा पाला सांगतो, कोणी गंधक सांगतो, कोणी कुलदैवताचा कोप सांगतो. चट्टा दिसेनासा झाला की रोग गेला असे धरून चालावयाचे आणि पुन्हा उठला की पुन्हा मलमाची डबी उघडावयाची. या साऱ्या खटाटोपात रोग्याचा रक्तदाब किती आहे हे कोणी पाहत नाही, त्याच्या रक्तातील साखरेची विचारपूस कोणी करीत नाही. चट्ट्याचा आणि काळजाचा संबंध काय, असेच कोणीही विचारील.

संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. सोरायसिस आणि ल्युपस यांसारख्या कातडीवर दिसणाऱ्या काही रोगांत शरीरातल्या रक्तवाहिन्याही आतून बिघडू शकतात, हे आज वैद्यकाला पक्के ठाऊक झाले आहे. परंतु ते ठाऊक व्हायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. इतका उशीर का लागला, मधे कोण कोण काय पाहून गेले आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस आहे, वैद्य नव्हे. तेव्हा औषधयोजना सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण एखादी समजूत कशी जन्मली हे कळले की ती सोडून देणे सोपे जाते, आणि एवढे काम इतिहास करू शकतो.

प्रथम या दोन रोगांची ओळख करून घेऊ. सोरायसिसमध्ये अंगावर लालसर, जाड चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. कोपर, गुडघे, डोक्याची कातडी आणि कंबर या त्याच्या आवडीच्या जागा. काहींचे सांधेही सुजतात. ल्युपस हा बहुतेक तरुण स्त्रियांना होणारा रोग; दर दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्यात गालांवर आणि नाकाच्या दांडीवर तांबूस पुरळ येते, उन्हात ते वाढते, सांधे धरतात, बारीक ताप येतो, केस गळतात. दोन्हीही रोग स्पर्शाने पसरत नाहीत. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, एक टॉवेल वापरल्याने ते कोणाला होत नाहीत.

मग ते होतात कशाने? आपल्या शरीरात रोगजंतूंशी झुंजणारी एक राखणदार फौज असते. काही माणसांत ही फौज आपले आणि परके यांतला भेद विसरते आणि आपल्याच शरीरावर चालून जाते. आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणानेच शेत खाल्ले, तसाच हा प्रकार. अशा रोगांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. ही म्हण ध्यानात ठेवावी, कारण आपली पुढची सारी हकीकत तिच्याभोवती फिरणार आहे.

आता जरा मागे जाऊ. ग्रीक भाषेत ‘लेप्रा’ हा शब्द खवल्यासारखे पापुद्रे धरणाऱ्या कातडीच्या रोगांना लावीत. पुढे भाषांतरांच्या गोंधळात हेच नाव महारोगालाही चिकटले. एका नावाखाली दोन रोग आले आणि त्याची शिक्षा माणसांना भोगावी लागली. मध्ययुगीन युरोपात महारोगी ठरवलेल्यांना वस्तीबाहेर राहावे लागे आणि रस्त्याने जाताना घंटा किंवा लाकडी खुळखुळा वाजवून लोकांना दूर सारावे लागे. या बहिष्कृतांत सोरायसिसचेही कितीतरी रोगी असावेत, असे इतिहासकार मानतात. एका चुकीच्या नावापायी आयुष्य गावकुसाबाहेर!

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रॉबर्ट विलन नावाचा एक डॉक्टर गरिबांच्या दवाखान्यात काम करीत होता. त्याने कातडीच्या रोगांची नीट वर्गवारी करावयास घेतली. पुरळ, फोड, गाठ, पापुद्रा असे प्रकार त्याने पाडले आणि १८०८ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सोरायसिसचे वर्णन त्याने उत्तम केले, पण त्याचे दोन तुकडे केले आणि एका तुकड्याला ‘लेप्रा’ हेच जुने नाव ठेवले. गोंधळ अर्धाच मिटला.

तो पुरता मिटवला व्हिएन्ना शहरातल्या फर्डिनांड हेब्रा या डॉक्टराने. १८४१ साली त्याने सोरायसिसच्या वर्णनातून ‘लेप्रा’ हा शब्दच काढून टाकला आणि हा रोग वेगळा, महारोग वेगळा, असे निक्षून सांगितले. पुढे १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन गावी हान्सेन याला महारोगाचे जंतू दिसले, तेव्हा या वेगळेपणावर शिक्कामोर्तबच झाले.

या हेब्राची गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. त्या काळी खरूज झाली तरी डॉक्टर म्हणत, रक्त बिघडले आहे, अंगातले दोष बाहेर पडताहेत. आपल्याकडे अजूनही असे म्हणतात, हो की नाही? हेब्राने खरजेचा किडा स्वतःच्या कातडीवर सोडून पाहिला आणि खरूज किड्याने होते, रक्तदोषाने नव्हे, हे दाखवून दिले. त्याचा एकंदर कल असा की, कातडीच्या रोगाचे कारण कातडीतच शोधावे, अंगातल्या काल्पनिक दोषांवर त्याचा भार टाकू नये. हे मोठे काम होते. रोग्यांची जुलाब, जळवा आणि रक्त काढणे यांतून त्याने सुटका झाली. परंतु इतिहासात एक दार उघडताना दुसरे नकळत लोटले जाते. रक्तदोषाची खोटी कल्पना गेली, आणि तिच्याबरोबर कातडीचा व शरीराच्या आतल्या भागाचा काही संबंध असू शकतो, हा विचारही बराच काळ मागे पडला.

गंमत अशी की, त्याच व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात, त्याच वर्षांत, कार्ल रोकिटान्स्की हा प्रेतांची तपासणी करून रक्तवाहिन्यांत काय बिघाड होतो हे पाहत होता. काही माणसांच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून शरीराला शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या, आतून जाड व कडक झालेल्या त्याला आढळत. रक्तातलाच काही अंश त्यांच्या भिंतीवर साचत जातो, असे त्याचे मत होते. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोला ते पटले नाही. त्याने १८५६ च्या सुमारास मांडले की, नुसता गाळ बसत नाही. रोहिणीची भिंत आधी पेटते. पेटते म्हणजे तिथे दाह सुरू होतो. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही जी दाहाची लक्षणे आपण पिकलेल्या फोडात पाहतो, तीच प्रक्रिया भिंतीच्या आत मंदपणे चाललेली असते. आज पाहिले तर सोरायसिसचा चट्टा हाही दाहच, आणि फिर्खोची रोहिणी हीही दाहानेच बिघडलेली. एक जण कातडीची आग पाहत होता, दुसरा रक्तवाहिनीची. दोन्ही आगींचा संबंध मात्र कोणी जोडला नाही.

फिर्खोचे म्हणणे पुढे मागेच पडले. १९१३ साली रशियात अनिचकोव्ह आणि खालातोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल, म्हणजे एक चरबीसारखा पदार्थ, खाऊ घातला आणि त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर धरलेले दाखवले. त्यानंतर कित्येक वर्षे सगळ्यांचे लक्ष चरबीकडे लागले. चरबीचा दोष खराच होता. पण कथा तेवढ्यावर संपत नव्हती.

दुसरीकडे ल्युपसची कथा वेगळ्या वाटेने चालली होती. १८४६ च्या सुमारास हेब्रानेच त्या गालांवरच्या पुरळाला फुलपाखराची उपमा दिली. नाक हे फुलपाखराचे अंग आणि दोन गाल हे त्याचे पंख. पॅरिसच्या काझेनाव्हने १८५१ साली या रोगाला आज चालते ते नाव दिले. इथवर हा कातडीचाच रोग होता. पण हेब्राचा शिष्य आणि जावई मोरित्स कापोसी याने १८७२ साली लिहिले की, या रोगाच्या काही रोग्यांचे सांधे सुजतात, ताप येतो, गाठी येतात, रक्त कमी होते, आणि काही जण त्यात दगावतातही. गुरूने लोटलेले दार शिष्याने किलकिले केले. त्यानंतर १८९५ पासून विल्यम ऑस्लर या विख्यात डॉक्टराने अमेरिकेतील बाल्टिमोर येथे असे रोगी वर्णिले की, ज्यांच्या कातडीवर पुरळ, आणि त्याबरोबर मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस किंवा मेंदू यांचा बिघाड. त्यातले सगळेच ल्युपसचे नव्हते हे पुढे कळले. तरी कातडी ही आतल्या घराची खिडकी असू शकते, हे त्याने दाखवले. १९२४ साली न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स यांनी हृदयाच्या झडपांवर चामखिळीसारख्या गाठी आढळल्याचे नोंदवले. त्यातल्या काही रोग्यांच्या गालांवर तेच फुलपाखरू होते.

रक्तवाहिनीचा संबंध डोळ्यांना सरळ दिसतो असाही एक प्रकार आहे. पॅरिसच्या मोरिस रेनो याने १८६२ साली आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. थंडीत किंवा गार पाण्यात हात घातल्याबरोबर काही जणांची बोटे प्रथम पांढरी फटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. बोटांतल्या बारीक रोहिण्या एकाएकी आवळल्या जातात म्हणून असे होते. पुष्कळांत यामागे मोठा रोग नसतो. पण ल्युपसच्या आणि कातडी घट्ट होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मा या रोगाच्या कितीतरी रोग्यांत हीच पहिली खूण असते.

आता १९४८ सालाकडे येऊ. आपण नुकतेच स्वतंत्र झालो होतो आणि आपले लक्ष साहजिकच आपल्या घरात होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने या एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रोग्यांच्या नमुन्यांत एक विशिष्ट पेशी सापडली. एका पेशीने दुसरीचा गाभा गिळलेला. कुंपण शेत खाते याचा डोळ्यांना दिसणारा पुरावाच तो. त्याच संस्थेत सप्टेंबर महिन्यात हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन हे औषध दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. या कामाबद्दल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि तिसरी गोष्ट अशी की, मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावात ५,२०९ निरोगी स्त्रीपुरुषांची नोंद करून, त्यांच्यापैकी कोणाला हृदयविकार होतो आणि का, हे वर्षानुवर्षे पाहण्याचा उपक्रम सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांचा हृदयाशी असलेला संबंध आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे, त्यात या गावाचा फार मोठा वाटा आहे.

या सुमारासच्या दोन औषधांशी आपल्या देशाचेही नाते आहे. १९२८ पासून लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी मुंबईत राहून गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे दाखवले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे पुढे फॉलिक आम्ल ठरले. आपल्या आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत त्या आम्लाला विरोध करणारी औषधे सिद्ध करण्याचे काम केले. १९५१ साली त्यांपैकी एका औषधाने सोरायसिसचे चट्टे विरतात असे दिसून आले. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट आजही सोरायसिससाठी वापरतात. दुसरे औषध मलेरियाच्या घराण्यातले. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे टपाल कचेऱ्यांतून क्विनाइनच्या पुड्या विकत मिळत, हे जुन्या मंडळींनी ऐकले असेल. १८९४ साली लंडनच्या पेन यांनी ते क्विनाइन ल्युपसला देऊन पाहिले होते. त्याच वळणाचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध १९५५ पासून अमेरिकेत मान्य झाले आणि आज ल्युपसच्या उपचारातला तो मोठा आधार आहे.

असो. कॉर्टिझोन आणि त्याच्या वंशातल्या औषधांनी, ज्यांना आपण स्टेरॉइड म्हणतो, ल्युपसचे रोगी जगू लागले. पूर्वी दोनचार वर्षांत दगावणाऱ्या मुली दहा, पंधरा वर्षे संसार करू लागल्या. डॉक्टरांना वाटले, लढाई जिंकली. आणि मग एक नवीच गोष्ट पुढे आली.

कॅनडातील टोरोंटो येथे मरे युरोविट्झ आणि त्यांचे सहकारी ल्युपसच्या ८१ रोग्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवून होते. १९७६ साली त्यांनी आपला वृत्तांत छापला. त्या काळात ११ रोगी दगावले. पैकी सहा जण रोग कळल्यापासून एका वर्षाच्या आतच गेले. त्यांचा रोग जोरात होता. हे अपेक्षितच होते. पण उरलेले पाच जण रोग कळल्यानंतर सरासरी साडेआठ वर्षांनी गेले. त्यांचा ल्युपस बहुतेक शांत झालेला होता. मग ते गेले कशाने? पाचही जणांना मृत्यूसमयी नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे दिसले. रोगी बरा झाला म्हणून जो तो निर्धास्त होता, आणि आत रोहिण्या बुजत चालल्या होत्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असे.

पुढे १९९७ साली पिट्सबर्गच्या सुसान मान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपस असलेल्या ४९८ स्त्रियांची तुलना फ्रॅमिंगहॅमच्या उपक्रमातील २,२०८ स्त्रियांशी केली. ३५ ते ४४ या वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नास पटींहून अधिक निघाले. या वयात निरोगी स्त्रीला असा झटका फार क्वचित येतो, म्हणून हा आकडा एवढा फुगलेला दिसतो, हे खरे. तरी त्याचा अर्थ लहान नाही. आपल्याकडे पस्तिशीतल्या बाईच्या छातीत दुखू लागले की घरचे म्हणतात, पित्त झालं असेल, बाईमाणसाला एवढ्यात कसला हार्ट अटॅक! ल्युपस असलेल्या लेकीसुनेच्या बाबतीत हे वाक्य कोणी उच्चारू नये.

सोरायसिसचे काय? तिथे उलगडा आणखी उशिरा झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅकडॉनल्ड आणि कालाब्रेसी यांनी सोरायसिसच्या रोग्यांत रक्तवाहिन्या तुंबण्याचे प्रकार इतर कातडीच्या रोग्यांपेक्षा दुपटीच्या आसपास दिसतात, असे दाखवले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००६ साली फिलाडेल्फियाच्या जोएल गेल्फंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील दवाखान्यांच्या नोंदवह्यांतून सोरायसिसचे सुमारे एक लाख एकतीस हजार रोगी आणि सोरायसिस नसलेले साडेपाच लाखांवर लोक घेऊन हिशेब मांडला. गुरुजनांना हा हिशेब वर्गात फळ्यावरही मांडता येईल. वर्षाकाठी दर हजार माणसांमागे हृदयविकाराचे झटके असे पडले: सोरायसिस नसलेल्यांत ३.५८, सौम्य सोरायसिस असलेल्यांत ४.०४, तीव्र असलेल्यांत ५.१३. म्हणजे फरक आहे, पण घाबरून हातपाय गाळावेत असा नाही. धोका अधिक वाढतो तो तरुणांत. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हा धोका त्याच्या वयाच्या इतरांच्या तिप्पट निघाला. साठीतल्याला मात्र सुमारे सव्वापट ते दीडपट. रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह यांचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला. तेव्हा चट्ट्यामागच्या दाहाचाच यात काही हात असला पाहिजे, या मताला जोर आला.

हे आत घडते तरी कसे? शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. पाटाला आतून गुळगुळीत अस्तर असेल तर पाणी सरळ वाहते. अस्तर उखडले की खड्डा पडतो, खड्ड्यात गाळ धरतो, गाळावर शेवाळ. आपल्या रोहिणीलाही आतून पेशींच्या एकाच थराचे नाजूक अस्तर असते. कातडीत किंवा सांध्यात दाह पेटला की तेथून निघणारी द्रव्ये रक्तातून अंगभर फिरतात. त्यांनी हे अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी त्याला चिकटून आत शिरतात, पाठोपाठ चरबी आत जाते आणि भिंतीत गाठ धरते. एके दिवशी गाठीचे टोपण फुटते, तिच्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. हृदयाकडची वाट बंद झाली तर झटका, मेंदूकडची झाली तर पक्षाघात. ल्युपसमध्ये काहींच्या रक्तात गुठळ्या लवकर जमवणारी द्रव्येही तयार होतात, आणि मूत्रपिंड बिघडले तर रक्तदाब चढतो. म्हणून तिथे धोका दुणावतो. शिवाय स्टेरॉइड फार दिवस, फार प्रमाणात घेतले तर साखर, रक्तदाब आणि वजन वाढते. म्हणजे ज्या औषधाने जीव वाचतो, तेच बेहिशेबी घेतले तर पाटाचे अस्तर उखडावयास मदत करते.

१९९९ साली अमेरिकेतील रसेल रॉस यांनी, रोहिण्या बुजणे हा दाहाचाच रोग आहे, असे एका गाजलेल्या लेखात मांडले. १८५६ चा फिर्खो असा फिरून आला. आणि २०१७ साली १०,०६१ हृदयरोग्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत चरबीला हात न लावता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने पुन्हा झटका, पक्षाघात वा हृदयमृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्याच औषधाने काही रोग्यांत प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले, हेही सांगितले पाहिजे. दाह कमी करणारे कोणतेही औषध घेतले की रोहिण्या सुधारतात, असेही समजू नये. २०१८ साली सोरायसिसवरच्या एका महागड्या इंजेक्शनाची चाचणी झाली, तेव्हा चट्टे गेले, पण महारोहिणीतला दाह कमी झाल्याचे दिसले नाही. तात्पर्य, औषधांचे संशोधन चालू आहे; तोवर सामान्य माणसाच्या हातात असलेल्या जुन्याच गोष्टी सर्वांत भरवशाच्या आहेत.

त्या कोणत्या? सोरायसिस किंवा ल्युपस असलेल्याने आपला रक्तदाब आणि रक्तातली साखर नेमाने तपासून घ्यावी. हे काम गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवतील. कोलेस्टेरॉलची तपासणी केव्हा करावी हे डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी २०१८ सालच्या आपल्या नियमावलीत सोरायसिस, संधिवात आणि ल्युपस यांची गणना हृदयाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत केली आहे, तेव्हा विचारण्यात संकोच नको. तंबाखू सोडावी, विडी सोडावी आणि मशेरीही सोडावी. तंबाखूने रोहिण्या आवळतात, आणि थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्यांनी तर तिच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. वजन आटोक्यात ठेवावे, रोज चालावे. ल्युपस असेल तर उन्हापासून जपावे. शेतावर जाताना डोक्यावरचा पदर आणि लांब बाह्या कामी येतात.

औषधांविषयी चार गोष्टी सांगून हा भाग संपवतो. पोटात घ्यावयाचे स्टेरॉइड आपल्या मनाने सुरू करू नये, आणि डॉक्टरांनी दिलेले आपल्या मनाने एकदम बंद करू नये. दोन्हींत धोका आहे. सोरायसिससाठी मेथोट्रेक्झेट दिले असेल तर ते बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्यावे. आणि जत्रेत किंवा बाजारात मिळणारी, कशाची आहे हे न सांगता दिलेली पुडी घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. चट्टा चार दिवस जातो, पण त्याची किंमत रक्ताच्या वाटा मोजतात.

शेवटचा शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. आपल्या वर्गात एखाद्या मुलाच्या कोपरावर चंदेरी चट्टे असतील, आणि इतर मुले त्याच्याशेजारी बसावयास कां कूं करीत असतील. मध्ययुगातल्या त्या घंटेचा आवाज तो हाच. हेब्राने १८४१ साली जे सांगितले ते आपण वर्गात दोन मिनिटांत सांगू शकता. ते सांगावे, आणि त्या मुलाच्या शेजारी आपण स्वतः बसून दाखवावे. मग त्याच्या पालकांना बोलावून एवढेच म्हणावे की, कातडीचे औषध चालू ठेवा, पण पोराला कातडीपुरतेच पाहू नका; मोठ्या डॉक्टरांना दाखवाल तेव्हा त्याचे वजन आणि रक्तदाबही पाहावयास सांगा, आणि घरात कोणी त्याला तंबाखूची सवय लागू देऊ नका. एवढी खबर वेळेवर मिळाली असती तर टोरोंटोच्या त्या पाच रोग्यांपैकी कोणी आणखी काही वर्षे जगलेही असते. आपल्या गावातल्या माणसाला ती मिळण्यात आता काही अडचण राहिलेली नाही.